कमरेचं पिस्तूल आणि झाकलेला चाप

२००८ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू प्लॅक्सिको बरेस न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये गेला, तेव्हा त्याच्या कमरेला भरलेलं पिस्तूल खोचलेलं होतं. पँट व्यायामाला घालतात तसली, ढगळ. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं आवरण, नाही. पिस्तूल सुटलं आणि पँटच्या पायातून खाली घसरायला लागलं. ते धरायला त्याने झटकन हात घातला आणि बार उडाला. गोळी त्याच्याच मांडीत. तिथे पिस्तूल बाळगण्याचा परवानाही त्याच्याकडे नव्हता, त्यामुळे पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली ती वेगळीच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सुपर बोल या अंतिम सामन्यात विजयी झेल घेणारा हा माणूस. हातांच्या चपळाईत कुणाला हार जाणारा नव्हता. इथे ती चपळाईच नडली.

कपड्याखाली पिस्तूल बाळगायचं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ते बाहेर काढण्याचा क्षण. परवाना घेऊन वर्षानुवर्षं पिस्तूल लावणाऱ्या बहुतेकांवर तो क्षण कधीच येत नाही. त्यांच्या वाट्याला येतं ते रोजचं: बसणं, वाकणं, जिना उतरणं, गाडीचा पट्टा लावणं, पोराला कडेवर घेणं, स्वच्छतागृहात जाणं, रात्री काढून ठेवणं. दिवसाचे बारा तास धरले तरी वर्षाला चार हजारांहून जास्त तास ती वस्तू अंगाला चिकटलेली असते. त्या सगळ्या तासांत तिने एकच करायचं असतं, ते म्हणजे काहीही न करणं. आणि कधी वेळ आलीच, तर पुढच्या दीड-दोन सेकंदांत मात्र तिने आपलं काम चोख करायला हवं.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं वाटतं: सुरक्षित ठेवावं तर वेळेला उपयोग नाही, तयार ठेवावं तर धोका. मला ते पटत नाही. दोन्हींचं उत्तर मोठ्या प्रमाणात एकाच जागी आहे, आणि ती जागा म्हणजे चाप.

एक आधीच सांगून टाकतो. हे सगळं कायद्याने ज्याला मुभा दिली आहे त्याच्यासाठी. पिस्तूल बाळगता येतं का, लपवून की उघडं, कुठल्या इमारतीत चालत नाही, प्रवासात कसं न्यायचं, हे देशागणिक बदलतं. काही देशांत तर एका राज्यातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की नियम बदलतो. परवाना नसेल तर पुढचं सगळं नुसतं वाचण्यापुरतं.

बार उडतो कसा

काडतुसाच्या बुडाशी टिकलीएवढा प्रायमर असतो. त्यावर फायरिंग पिनचा ठोका बसला की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. म्हणजे प्रश्न एवढाच, की तो ठोका कोण आणि कधी मारतो.

पूर्वी हे काम पिस्तूल हातातून पडूनही व्हायचं. १८७३ साली आलेलं कोल्टचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर सहा घरांचं होतं, पण जाणते लोक त्यात पाचच काडतुसं भरत. कारण घोडा, म्हणजे ठोका मारणारी हातोडी, जिथे टेकलेला, तिथे भरलेलं घर असेल तर जमिनीवर आपटताच बार उडायची भीती. म्हणून घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा. शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, रूगर कंपनीने घोडा आणि फायरिंग पिन यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसवली. चाप ओढलेला असेल तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. मग सहावं घर निर्धास्त भरता यायला लागलं.

आजच्या चांगल्या पिस्तुलांत याच कल्पनेची वेगवेगळी रूपं असतात. फायरिंग पिनच्या वाटेत एक अडसर असतो आणि चाप ओढल्याशिवाय तो हलत नाही. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या ग्लॉकमध्ये असे तीन अडसर आहेत. त्यातला एक थेट चापाच्या मधोमध, छोट्या पातीसारखा. तो दाबला गेल्याशिवाय चाप मागे जात नाही.

लोक इथेच फसतात. ‘सेफ्टी आहे ना’ म्हणून निर्धास्त होतात. ती पाती चाप बाजूने घासला गेला तर वाचवते. समोरून काही आलं, तर ते बोट आहे, शर्टाचा चुणीदार काठ आहे की जाकिटाच्या दोरीचं टोक, हे तिला कळत नाही. अशा पिस्तुलाचा चाप साधारण अडीच किलोच्या जोराने ओढला जातो आणि त्याचा प्रवास सेंटीमीटरभर. घोडा चढवायचं कामही चापानेच करणाऱ्या रिव्हॉल्व्हरला त्याच्या जवळपास दुप्पट जोर लागतो, म्हणून त्याला बाहेरची सेफ्टी, म्हणजे हाताने लावायची कळ, नसली तरी ते थोडं क्षमाशील. पण थोडंच.

तात्पर्य, धडधाकट अवस्थेतलं नवं पिस्तूल सहसा आपण होऊन उडत नाही. चापाला काहीतरी लागतं, म्हणून उडतं. बरेसच्या बाबतीत तेच झालं.

म्यान

होल्स्टरला मी मनातल्या मनात म्यानच म्हणतो. तलवारीच्या म्यानासारखं त्याचं पहिलं काम धार झाकणं, आणि इथली धार म्हणजे चाप. चापाभोवतीची पूर्ण कडी कडक आवरणाखाली गेली पाहिजे, इतकी की बाहेरून अंगठ्याने दाबूनही आत चापापर्यंत काही पोचू नये. दुसरं काम पिस्तूल धरून ठेवणं. रिकामं पिस्तूल घालून होल्स्टर उलटं धरा, हलवा. पिस्तूल पडलं तर ते होल्स्टर नाही, पिशवी आहे. तिसरं काम, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहणं. मऊ, स्वस्त होल्स्टर रिकामं झालं की मिटतं. मग पिस्तूल परत ठेवताना एका हाताने तोंड उघडून धरावं लागतं, आणि तो हात नेमका नळीच्या समोर येतो.

कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, त्या-त्या पिस्तुलाच्या मापाने घडवलेलं होल्स्टर ही तिन्ही कामं नीट करतं. चांगलं चामडंही करतं आणि अंगाला जास्त सुखाचं असतं, पण चामडं म्हातारं होतं. वर्षानुवर्षांच्या घामाने नरम झालेल्या होल्स्टरची कड आत मुडपते, पिस्तूल खाली सारताना ती मुडपलेली कड चापाच्या कडीत शिरते, आणि आपण वरून दाबत राहतो. पिस्तुलांच्या दुनियेत हे अनेकदा घडलेलं आहे. म्हणून चामडं वापरणाऱ्याने दर महिन्याला होल्स्टरच्या तोंडाकडे उजेडात बघावं. नरम पडलं असेल तर फेकावं. जीव जडला असला तरी.

पट्ट्याचं कुणी बोलत नाही आणि निम्मा त्रास तिथूनच येतो. भरलेलं छोटं पिस्तूलही पाऊण किलोच्या घरात जातं. साध्या लवचिक पट्ट्यावर ते बाहेर झुकतं, शर्टाखालून उठून दिसतं, आणि माणूस दिवसभर हात लावून ते सारखं करत बसतो. लपवलेलं पिस्तूल उघडं पडतं ते बहुधा असंच. त्याचा आकार फारसा कुणाच्या लक्षात येत नाही, चाचपणारा हात मात्र लगेच लक्षात येतो. कडक, दुपदरी पट्टा घ्या आणि सकाळी लावल्यावर विसरून जा.

कुठे लावायचं, यावर घराघरांत भांडणं होतील इतकी मतं आहेत. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेवर, किंचित मागे लावणं ही जुनी, सरळ जागा. बसायला ठीक, लपायला ठीक, फक्त वाकलं की मूठ शर्टाला तंबूसारखी वर उचलते. पुढे, पोटाच्या खाली लावणं हल्ली फार चालतं. तिथून हात लवकर पोचतो, पिस्तूल सतत आपल्या नजरेखाली असतं, गर्दीत कुणी मागून ओढू शकत नाही. पण नळी आपल्याच मांडीच्या मोठ्या धमनीच्या दिशेने असते, आणि ती फुटली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. ही जागा वाईट नाही. ती घाईला माफ करत नाही, एवढंच. पाठीच्या मधोमध लावू नये असं माझं ठाम मत. पाठीवर पडलात तर लोखंडाचा गोळा थेट मणक्यावर, आणि मागून कुणी हात घातला तर तुम्हाला दिसतही नाही. खिशात ठेवायचं तर खिशासाठीचं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नको. किल्ली नको, नाणं नको, पेन तर नकोच.

राहिली पर्स किंवा बॅग. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने खरेदीच्या गाडीत बसल्या-बसल्या आईच्या पर्सची चेन उघडली आणि आतलं पिस्तूल काढलं. आई जागीच गेली. तिच्याकडे रीतसर परवाना होता, आणि पर्समध्ये पिस्तुलासाठी वेगळा कप्पाही होता. यापुढे बॅगेविषयी काही सांगायला हवं असं मला वाटत नाही. अंगावर नसलेलं पिस्तूल म्हणजे आपल्या ताब्यात नसलेलं पिस्तूल.

चेंबर भरलेलं की रिकामं

नवा माणूस हे विचारतोच. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, भरलेलं ठेवायचं, पण एक गोळी आधीच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढवून ठेवायची का?

रिकाम्या चेंबरच्या बाजूला मोठी माणसं होती. शांघायच्या पोलिसांना तयार करणाऱ्या विल्यम फेअरबेर्नने शिपायांच्या कोल्ट पिस्तुलांच्या सेफ्टीच्या कळा कायमच्या निकामी करून टाकल्या आणि चेंबर रिकामं ठेवायला लावलं. पिस्तूल काढायचं, त्याच हालचालीत स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचून गोळी चेंबरमध्ये चढवायची आणि झाडायचं. ही पद्धत पुढे इस्रायलींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अनेक लोकांच्या हाती तऱ्हेतऱ्हेची, जुनी पिस्तुलं द्यायची असतील तर त्यात शहाणपण होतं.

आजच्या पिस्तुलाला मात्र तिची एक अडचण आहे, आणि ती मोठी आहे. तिला दोन हात लागतात. खरा हल्ला हातभर अंतरावर होतो तेव्हा दुसरा हात हल्लेखोराला ढकलत असतो, डोकं वाचवत असतो, किंवा पोराला मागे ओढत असतो. शिवाय घाईत स्लाइड अर्धवट खेचली गेली तर काडतूस अडकतं. मी चेंबर भरलेलं ठेवण्याच्या बाजूचा आहे. पण पिस्तूल नवं, होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं आणि हाताला शिस्त लागलेली, या तीन अटींवर. चेंबर भरायची भीती वाटत असेल तर त्या भीतीला हसू नका. काही आठवडे रिकामं चेंबर ठेवून, घोडा किंवा स्ट्रायकर (घोड्याऐवजी असलेली स्प्रिंगवरची फायरिंग पिन) चढवलेला ठेवून घरात वावरा. संध्याकाळी बघा, उतरला का. कडक होल्स्टरमध्ये तो उतरत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मन शांत होतं. दिसत नसेल, तर होल्स्टर बदलायची वेळ झाली आहे.

बाहेरची सेफ्टी असलेलं पिस्तूल, म्हणजे १९११ च्या जुन्या घाटाचं, घोडा चढवून आणि सेफ्टी लावून बाळगतात. दिसायला ते भयानक दिसतं, पण त्याची रचनाच तशी आहे. अट इतकीच, की पिस्तूल वर येताना अंगठ्याने कळ खाली दाबली जाणं हे विचार न करता व्हायला हवं. कधी सेफ्टीचं, कधी बिनसेफ्टीचं असं आलटून-पालटून पिस्तूल लावणाऱ्या हौशी लोकांना मी एकच विचारतो: घाबरलेल्या अंगठ्याला आज कुठला वार आहे हे कोण सांगणार?

हातांची शिस्त

जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने ॲरिझोनात १९७६ साली शाळा काढली आणि सुरक्षिततेचे चार नियम रूढ केले. आज जगभर तेच शिकवतात. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायची तयारी नाही त्यावरून नळी फिरवू नका. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्य कोणतं, त्याच्यामागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय गोळी नाही. यांची गंमत अशी, की अपघात व्हायला सहसा एकाच वेळी दोन नियम मोडावे लागतात. बोट चुकलं पण नळी जमिनीकडे होती, तर फरशी फुटते, माणूस वाचतो.

बोटाचा नियम एवढा कडक का, याचं कारण शरीरात आहे. रॉजर एनोका या संशोधकाने नकळत सुटणाऱ्या गोळ्यांमागच्या स्नायूंच्या हालचालींवर लिहिलं आहे. दचकलो की मुठी वळतात. तोल गेला की हात काहीतरी घट्ट धरतो. आणि एका हाताने जोर लावला की दुसऱ्या हाताची बोटंही आपोआप आवळतात. या तिन्ही वेळी इच्छा विचारली जात नाही. बोट चापावर असेल तर चाप ओढला जातो. म्हणून बोट वर, स्लाइडच्या किंवा फ्रेमच्या बाजूला सरळ टेकवलेलं. ‘चापाजवळ’ नाही, वर.

या शिस्तीची खरी परीक्षा पिस्तूल परत ठेवताना होते. काढताना चूक झाली तर नळी पुढे असते. ठेवताना ती आपल्याच मांडीकडे, नितंबाकडे, पोटाखाली असते, आणि त्या क्षणी आपण ते लोखंड जोराने खाली दाबत असतो. सरावाच्या मैदानावर मी एका गृहस्थांना पाहिलं. चांगले नेमबाज, फेरी संपली, गप्पा मारत मारत त्यांनी पिस्तूल खाली सारलं. अर्ध्यावर अडलं. ते आणखी दाबणार, तेवढ्यात प्रशिक्षकाने नुसतं ‘थांबा’ म्हटलं. पिस्तूल बाहेर काढलं तर जाकिटाच्या कमरेच्या दोरीचं प्लास्टिकचं बोंड चापाच्या कडीतून आरपार गेलेलं. अजून बोटभर खाली गेलं असतं तर काम झालं असतं. त्या दिवसानंतर त्यांच्या सगळ्या जाकिटांच्या दोऱ्या कापलेल्या दिसतात. माझ्याही.

म्हणून परत ठेवताना: बोट वर, कपडा हाताने पूर्ण बाजूला, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी बघायचं, आणि सावकाश. पुढे लावणाऱ्याने कंबर पुढे काढून किंचित मागे रेलायचं, म्हणजे नळी अंगापासून दूर होते. कशालाही अडलं तर दाबायचं नाही, बाहेर काढून बघायचं. घोडा असलेल्या पिस्तुलावर अंगठा घोड्यावर ठेवावा. चापाला काही लागलंच तर घोडा अंगठ्याखाली हलायला लागतो आणि वेळेत कळतं. सर्वांत चांगलं म्हणजे होल्स्टर कमरेवरून काढून, पिस्तूल त्यात घालून, मग दोन्ही एकदम कमरेला लावायचं.

पिस्तूल हातातून निसटलं तर पडू द्या. हे अंगात मुरायला सगळ्यांत अवघड. फोन निसटला की आपण झेलतो, ताट निसटलं की झेलतो. पिस्तूल झेलताना बोटं जिथे जागा मिळेल तिथे शिरतात, आणि सर्वांत सोयीची जागा म्हणजे चापाची कडी. नवं पिस्तूल पडण्यासाठीही बनवलेलं असतं. खरचटेल.

स्वच्छतागृहाचं हसू येईल, पण तिथे विसरलेली पिस्तुलं ही खरी समस्या आहे. बाहेर काढून टाकीवर किंवा खुंटीवर ठेवू नका. होल्स्टरमध्येच राहू दे, पट्टा गुडघ्यांपाशी ताणून धरा, किंवा होल्स्टरसकट खाली उतरवलेल्या कपड्यांच्या झोळीत ठेवा, म्हणजे ते उचलल्याशिवाय उठताच येत नाही.

तयारी म्हणजे काय

१९८३ साली सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी एक साधा प्रयोग मांडला. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेसहा मीटरवर, उभा आहे. तो धावत सुटला तर किती वेळात अंगावर येतो? साधारण दीड सेकंद. सराव असलेल्या माणसालाही पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि तो होल्स्टर उघडं असताना. शर्टाखालून काढायचं तर आणखी. पुढे लोकांनी या आकड्याचा ‘एकवीस फुटांच्या आत आला की गोळी घाला’ असा नियम करून टाकला. तसं ट्यूलर यांनी म्हटलेलं नाही. त्यातून निघतं ते उलट आहे: अंतर हीच खरी ढाल. बाजूला सरका, मध्ये टेबल आणा, गाडी आणा, दाराबाहेर पडा.

म्हणून तयारीची सुरुवात कमरेपासून नाही, डोळ्यांपासून होते. आपल्यामागे पार्किंगमध्ये कोण चालतंय, आपण रस्ता ओलांडला तर तोही ओलांडतो का. फोनमध्ये मान घातलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असलं काय आणि नसलं काय.

पिस्तूल काढणं हे एका झटक्याचं काम दिसतं, पण त्याचे सांधे असतात. रिकामा हात शर्टाचा काठ मुठीत धरून छातीपर्यंत वर ओढतो, अर्धवट नाही. पिस्तूल धरणारा हात पिस्तुलाच्या मुठीवर पूर्ण बसतो, तळवा अगदी वर, कारण पुढे पकड बदलायला वेळ नसतो. पिस्तूल सरळ वर निघतं, नळी पुढे वळते, छातीपाशी रिकामा हात येऊन मिळतो, आणि दोन्ही हात पुढे जातात. रिकामा हात तोवर छातीला चिकटलेला, म्हणजे तो नळीसमोर येत नाही. बोट अजून वरच. फसतं ते बहुधा पहिल्या पायरीवर, कपड्यात. मुठीत शर्टासकट पिस्तूल येतं. त्यामुळे सराव नेहमीच्या कपड्यांत करायचा, हिवाळ्याच्या जाकिटातही, बसूनही.

हा सराव घरी बिनगोळीचा करता येतो, आणि करावाच. पण काडतुसं त्या खोलीत नकोत. मॅगझिन काढा, चेंबर बघा, बोट घालून चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, गोळी अडवेल अशा भिंतीकडे तोंड करा. सर्वांत धोक्याची वेळ सराव संपल्यावरची: पिस्तूल भरलं, आणि ‘अजून एकदाच’ म्हणून पुन्हा चाप ओढला. भरल्यावर ‘सराव संपला’ असं मोठ्याने म्हणायची काहींना सवय असते. वेड्यासारखं वाटतं, पण उपयोगी आहे.

गोळीचंही थोडं. नऊ मिलिमीटरची साधी गोळी साडेसात-आठ ग्रॅमची, सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते. घरातल्या हलक्या, पोकळ भिंती तिला अडवत नाहीत. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने गोळ्यांची कसोटी ठरवली: मांसाऐवजी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात बारा ते अठरा इंच खोल. त्याहून कमी गेली तर काम होत नाही, जास्त गेली तर मागच्याचं नशीब. स्वसंरक्षणासाठी टोकाला खळगा असलेली, आत गेल्यावर फुलणारी गोळी जिथे कायद्याने चालते तिथे लोक ती घेतात ते यासाठी. पण चुकलेल्या गोळीला कुठलीच कसोटी लागू होत नाही.

आणि पिस्तूल काढायचं कधी? बहुतेक कायद्यांचा गाभा सारखा आहे. जीवाला किंवा गंभीर इजेचा धोका आत्ता, समोर हवा. दुसरा वाजवी मार्ग नसावा. बळ धोक्याच्या प्रमाणात असावं. तो पळत सुटला की धोका संपला, आणि तुमचा हक्कही बहुतेक वेळा तिथेच संपला. धाक दाखवायला पिस्तूल काढणं हा अनेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे. भांडणात, रस्त्यावरच्या हॉर्नबाजीत ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याने आधी माघार घ्यावी, कारण प्रत्येक हातघाईत आता निदान एक पिस्तूल असतं: त्याचं स्वतःचं. दारू प्यायची असेल त्या दिवशी ते घरी, कुलपात. वेळ आलीच आणि निभावली, तर धोका संपताच पिस्तूल परत होल्स्टरमध्ये, पोलिसांना फोन स्वतः करायचा, आणि ते येतील तेव्हा हात रिकामे आणि दिसतील असे. त्यांना कोण बळी आणि कोण हल्लेखोर हे ठाऊक नसतं. हातात पिस्तूल असलेला माणूस दिसतो, बस.

एक अवघड गोष्ट. घरात पिस्तूल असलं की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. खचलेल्या मनाला जी काही मिनिटं मिळायला हवीत ती पिस्तूल मिळू देत नाही. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनावर तशी वेळ आली असेल तर ते काही काळ कायदेशीर मार्गाने घराबाहेर ठेवा, आणि मदत घ्या. यात कमीपणा नाही.

रात्र

दिवसाचं शेवटचं काम पिस्तूल रिकामं करणं, आणि त्यात क्रम सर्वस्व आहे. आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड मागे. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड खेचली, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते, समाधान होतं, आणि त्याच क्षणी मॅगझिनमधली पुढची गोळी गुपचूप चेंबरमध्ये चढते. मग मॅगझिन काढलं की हातात रिकामं दिसणारं भरलेलं पिस्तूल. काही पिस्तुलं उघडून पुसायची तर आधी चाप ओढावाच लागतो. पुढचं सांगायला नको. म्हणून मॅगझिन, स्लाइड, डोळा, आणि अंधार असो-नसो करंगळी चेंबरमध्ये.

रोज हे करण्यापेक्षा पिस्तूल होल्स्टरसकट, भरलेलंच, तिजोरीत ठेवणं अनेकांना बरं वाटतं. हाताळणी जितकी कमी तितकी चूक कमी, आणि तेही बरोबर आहे, फक्त तिजोरी खरी हवी. कपाटाचं वरचं फळकूट नाही, उशी नाही. पोरांना ती जागा माहीत नाही असं फक्त आईबापांनाच वाटतं.

जे रोज रिकामं करतात त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट. चेंबरमधून निघालेलं तेच काडतूस दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवलं, असं बरेच दिवस केलं, की गोळी दरवेळी आतल्या उतारावर आपटून हळूहळू काडतुसात मागे बसते. आतली जागा कमी होते आणि बार उडताना दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. मी त्या काडतुसाच्या बुडावर मार्करने एक ठिपका देतो आणि नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघतो. दुसरा ठिपका पडला की ते सरावाच्या डब्यात जातं, आणि उंचीत केसभर फरक दिसला तर कायमचं बाजूला.